प्रेम, भय आणि रक्तपात: रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्या कशा वाचाव्यात

डिचोलीहून प्रश्न विचारणाऱ्या ताई, तुमचे म्हणणे मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. तुम्हाला रोमँटिक सस्पेन्स प्रकारातल्या कादंबऱ्या मनापासून आवडतात. इंग्रजीतल्या आणि मराठीत अनुवादित झालेल्याही. पाठीमागे कुणी मारेकरी लागलेला असताना दोन माणसे हळूहळू एकमेकांवर विश्वास ठेवू लागतात, ही गोष्ट तुम्हाला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. परंतु याच पुस्तकांत खून, अपहरण आणि छळ यांची वर्णने इतकी उघडीवाघडी असतात, की ती पुढे कित्येक रात्री डोळ्यांसमोरून हलत नाहीत. सध्या हातात असलेली कादंबरी तुम्ही अशाच एका वर्णनापाशी, नायिकेच्या मैत्रिणीचा मृतदेह सापडतो त्या ठिकाणी, मिटून ठेवली आहे. त्यातच घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने ‘असले वाचून तुला मिळते तरी काय?’ असे विचारले आणि तो प्रश्न तुमच्या मनाला लागला. असली पुस्तके आवडणे हे मन कठोर असल्याचे लक्षण आहे का, तसे नसेल तर ती त्रास करून न घेता वाचायची कशी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना काय सांगायचे, असे तुम्ही विचारले आहे.

गोव्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत, बहुतेक काळ देवघेव विभागात, माझी नोकरी झाली आणि आता मी एक वाचक मंडळ चालवते. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. स्त्रिया तो विचारतात, पुरुषही विचारतात. फक्त पुरुष तो ‘घरच्यांसाठी’ विचारतात.

या प्रश्नाच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळेच तो तुम्हाला इतका जड वाटतो आहे, असे मला वाटते. एक प्रश्न शरमेचा आहे: हे मला आवडते म्हणजे मी कशी आहे? दुसरा त्रासाचा आहे: हे दृश्य माझ्या मनातून जात का नाही? शरमेचे उत्तर विचाराने मिळते, त्रासाचे उत्तर वाचण्याची पद्धत बदलून मिळते. ज्याला आवडीचीच शरम वाटते तो पद्धत बदलण्याचा विचार करत नाही. तो एक तर मनावर दगड ठेवून सगळे पुस्तक संपवतो, नाही तर तो सबंध प्रकारच सोडून देतो. या दोन्ही गोष्टी मला अनावश्यक वाटतात.

काही बाबी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगायला हवे. तुम्ही कोणत्या वेळी वाचता, तेव्हा घरात एकट्या असता का आणि वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे चित्र कितपत स्पष्ट उभे राहते, यावर पुष्कळ काही ठरते. काही वाचकांना जखमेचे वर्णन एखाद्या माहितीसारखे कळते आणि ते पुढे जातात. काहींच्या समोर ते रंगावासासकट उभे राहते. दुसऱ्या प्रकारच्या वाचकांचे मन हळवे आहे आणि पहिल्यांचे कठोर आहे, असे मला कधीही दिसलेले नाही. तो केवळ कल्पनाशक्तीच्या ठेवणीतला फरक आहे. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुम्ही दुसऱ्या प्रकारातल्या आहात, असे धरून मी पुढचे लिहिते.

शरमेविषयी आधी बोलते. पुस्तक परत करताना वाचक कशाबद्दल बोलतात, हे ग्रंथालयाच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला आपोआप ऐकायला मिळते. रोमँटिक सस्पेन्स परत करणाऱ्या वाचकांपैकी खून कसा झाला याविषयी रंगून बोलणारे मला जवळजवळ भेटलेच नाहीत. ते सांगतात, ‘तो रात्रभर दाराबाहेर बसून राहिला, पण तिने बोलावल्याशिवाय आत आला नाही.’ ते सांगतात, ‘पहिल्या नवऱ्याविषयी तिने शेवटी त्याला खरे सांगितले, तेव्हा मला रडूच आले.’ आवडलेली गोष्ट ही असते. धोका हा तिच्यासाठी उभा केलेला असतो, कारण धोका खोटा वाटला तर त्या दोघांचा एकमेकांवरचा विश्वासही फुकटचा ठरतो. नायक दिलेला शब्द पाळतो की नाही, हे शब्द पाळणे महागात पडणार असते तेव्हाच कळते. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने या साहित्यप्रकाराची व्याख्या करताना दोन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती असावी आणि शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा व आशादायी असावा. म्हणजे पुस्तक उघडतानाच वाचकाला आश्वासन मिळालेले असते की ही दोन माणसे तरणार आहेत. त्या आश्वासनाच्या आधाराने वाचक भयाच्या प्रदेशात जातो. क्रौर्याची हौस असलेल्या माणसाला या आश्वासनाची गरज नसते. तुम्हाला ते हवे असते, यातच तुमच्या शंकेचे उत्तर आहे.

तरीही एक अडचण उरते आणि ती खरी आहे. प्रेम आणि किळस एकाच पुस्तकात, कधी कधी एकाच प्रकरणात येतात, आणि मन एकातून दुसऱ्यात सहज जात नाही. ही अडचण आपल्या साहित्यशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. शृंगार आणि बीभत्स हे परस्परविरोधी रस मानले गेले आहेत. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या विरोधाचा विचार केला आणि त्यावर एक उपाय सांगितला: दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा, दोघांनाही चालणारा रस आणावा, म्हणजे विरोध मावळतो. त्यासाठी त्याने दिलेले उदाहरण विलक्षण आहे. रणांगणावर पडलेले वीर आता स्वर्गात विमानांत बसले आहेत, अप्सरांच्या मिठीत आहेत, आणि त्या अप्सरा बोटाने त्यांना खाली त्यांचीच प्रेते दाखवत आहेत; धुळीने माखलेली, कोल्हिणींनी कवटाळलेली, मांसभक्षक पक्ष्यांच्या रक्ताळलेल्या पंखांनी वारा घातला जात असलेली. वर शृंगार आहे, खाली बीभत्स आहे, आणि तरी वाचक बिथरत नाही, कारण दोहोंच्या मध्ये वीररस उभा आहे. ही प्रेते शूरांची आहेत.

मला या साहित्यप्रकाराची परीक्षा करायला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. ज्या रोमँटिक सस्पेन्समध्ये रक्तपात आणि प्रणय यांच्या मध्ये कुणाचे तरी धैर्य उभे असते, म्हणजे नायिका भीत असूनही साक्ष द्यायला जाते, शेजारीण दार उघडते, पोलीस अधिकारी मृत मुलीच्या आईला नजर न चुकवता खरे सांगतो, ते पुस्तक कितीही गडद असले तरी वाचून झाल्यावर मन मळत नाही. जिथे लेखक छळाचे सविस्तर वर्णन करतो आणि पान उलटताच शय्यागृहात नेतो, मध्ये काहीही ठेवत नाही, तिथे वाचकाला अपराधी वाटते. तो दोष लिहिण्याचा आहे. वाचणाऱ्याने तो स्वतःवर ओढून घेऊ नये.

किती दाखवावे, हाही प्रश्न जुनाच. नाट्यशास्त्राने युद्ध, राज्यनाश, मृत्यू आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांच्या मधल्या छोट्या प्रवेशातून, सुचवाव्यात, असे सांगितले आहे. आपल्या पेडणे भागात देवळांच्या उत्सवांत दशावतार होतो, त्याने दुसरी वाट काढली. तिथे युद्ध प्रेक्षकांसमोरच होते, परंतु ते गिरक्यांचे आणि तालाचे युद्ध असते. मृदंग आणि झांज चढत जातात, तलवारी एकमेकींवर आपटतात, राक्षस कोसळतो, आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली लहान मुले डोळे विस्फारून पाहत असतात, घाबरून रडत मात्र नाहीत. वध झालेला सगळ्यांना कळतो, रक्ताचा थेंब दिसत नाही. सूचकता म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे या दोन्ही परंपरांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे एखादे वर्णन न वाचता पुढे गेल्यास आपण पुस्तकाशी अप्रामाणिक वागलो, असे मुळीच समजू नये.

भयकथांच्या सुरुवातीच्या काळातल्या इंग्रज लेखिका ॲन रॅडक्लिफ यांचा एक लेख त्यांच्या मृत्यूनंतर 1826 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी भय आणि भीषणता यांत फरक केला आहे: भय मनाला विस्तारते आणि त्याच्या शक्ती जाग्या करते, भीषणता मनाला आखडते आणि गोठवते. वाचताना हा फरक शरीरालाच कळतो. जिन्यावर पावले वाजत आहेत आणि नायिका फोन शोधते आहे, तिथे तुम्ही भराभर पुढे वाचता, ते भय. मृतदेहाच्या वर्णनापाशी तुम्ही वाक्याच्या मध्येच थांबलात, ती भीषणता. तुम्हाला या कादंबऱ्यांतले भय आवडते आणि भीषणता सोसत नाही. यात विसंगती काहीच नाही.

भय आणि आकर्षण जवळजवळ का नांदतात, याचाही अभ्यास झाला आहे. 1974 साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो येथील उंच, झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. तो पूल ओलांडणाऱ्या पुरुषांनी मुलाखत घेणाऱ्या तरुणीला नंतर फोन करण्याचे प्रमाण, साध्या भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त होते. वाढलेली धडधड मनाने तिच्या खात्यावर जमा केली, असा त्याचा अर्थ लावला गेला. कादंबरीकार हेच साधतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या पुलावर भय होते, किळस नव्हती.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर: आवड स्वच्छ आहे, अडचण भीषणतेच्या काही पानांपुरती आहे, आणि ती पाने तुमच्या हातात आहेत. आता त्या पानांचे काय करायचे, ते सांगते.

या कादंबऱ्यांची बांधणी बऱ्याच अंशी ठरलेली असते आणि ती ओळखता आली की निम्मा त्रास कमी होतो. सर्वांत उघडी हिंसा बहुधा दोन ठिकाणी असते. एक म्हणजे सुरुवातीचे छोटे प्रकरण, ज्यात पहिला बळी जातो. दुसरे म्हणजे मधूनमधून येणारी, खुन्याच्या मनातून लिहिलेली प्रकरणे. ती पुष्कळदा तिरक्या अक्षरांत छापलेली असतात आणि त्यांत खुन्याचे नाव नसते. ही दोन्ही सोडली तरी कथा तुटत नाही, कारण त्यांतली आवश्यक माहिती तपास करणारी माणसे पुढच्या प्रकरणात आपापसांत बोलतातच. तुमच्या हातातल्या पुस्तकाचेही असेच होण्याचा संभव मोठा आहे. मृतदेह सापडतो त्या प्रसंगातून कथेला तीनच गोष्टी हव्या असतात: मेले कोण, कोणता धागा मागे राहिला आणि हे पाहून नायिकेच्या मनात काय बदलले. पहिल्या दोन गोष्टी पोलीस ठाण्यातल्या प्रसंगात कळतील. तिसरी मात्र सोडू नका; पुढच्या प्रकरणाची सुरुवात करा आणि नायिका पहिल्यांदा कुणाशी बोलते तिथून नीट वाचायला लागा.

आमच्या ग्रंथालयात एकदा अशी एक कादंबरी परत आली, तिच्या मधल्या चार पानांना कागदाची क्लिप लावलेली होती. क्लिपेखाली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ‘ही पाने सोडावीत. पुढे सर्व समजते. तिचा भाऊ जिवंत आहे.’ मी क्लिप काढली नाही. त्यानंतर ते पुस्तक ज्यांनी नेले, त्यांच्यापैकी काहींनी ती पाने वाचली, काहींनी वाचली नाहीत, आणि परत करताना सगळ्यांनी त्या चिठ्ठीचे आभार मानले. त्या अनोळखी वाचकाने शेवटचे वाक्य लिहिले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. पाने सोडणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती न वाचलेल्या पानांत आवडते पात्र मेले असेल याची. तेवढे समजले की मन मोकळे होते.

म्हणूनच शेवट आधी वाचायला मी कुणालाही मनाई करत नाही. रहस्य फुटले की मजा गेली, असे आपण धरून चालतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मात्र शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना अधिक आवडल्या, आणि त्यांत रहस्यकथाही होत्या. प्रत्येकाला असेच वाटेल, असे मी म्हणणार नाही. खुनी कोण हे स्वतः ओळखण्यात ज्यांचा जीव अडकलेला असतो त्यांनी शेवटाला हात लावू नये. परंतु तुमचा जीव त्या दोघांत अडकलेला आहे. कोण जिवंत राहते एवढे पाहून मागे आलात, तर उरलेली पाने तुम्हाला अधिक शांतपणे वाचता येतील.

वेळेविषयी एक सूचना. पावसाळ्यात रात्री वीज गेलेली, बाहेर माडांचा आवाज, आणि हातात मोबाइलच्या उजेडावर वाचलेली असली कादंबरी. ही मजा मला ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या डोळ्यांपुढे चित्रे उभी राहतात त्यांनी गडद प्रकरणे दिवसा वाचावीत आणि झोपण्यापूर्वी पुस्तक मिटायचे ते प्रसंगाच्या मध्ये मिटू नये. या कादंबऱ्यांत प्रकरणाचा शेवट मुद्दाम कड्यावर आणून सोडलेला असतो, म्हणून थांबायचे ठिकाण प्रकरणाच्या मध्यावर शोधावे, जिथे दोघे जेवत आहेत किंवा बोलत आहेत. ऐकायच्या पुस्तकांत अधिक काळजी घ्यावी लागते. कागदावर नजर वेगाने खाली नेता येते. कानांना तशी सोय नाही, आणि चांगला अभिवाचक ते वर्णन आवाजाने अधिकच जिवंत करतो. ज्या लेखकाचे लेखन तुम्हाला नवे आहे, त्याचे पहिले पुस्तक तरी छापील वाचावे.

पुस्तक निवडताना एक फरक नीट ओळखा, कारण अलीकडे मुखपृष्ठांवरून तो कळत नाही. रोमँटिक सस्पेन्समध्ये धोका बाहेरून येतो आणि प्रेम हा त्यातला आसरा असतो. ‘डार्क रोमान्स’ म्हणून जे लिहिले जाते, त्यात धोका बहुधा प्रियकराकडूनच असतो. कोंडून ठेवणे, धमकावणे, जबरदस्ती हे त्या प्रेमाचाच भाग म्हणून येते. प्रतिलिपीसारख्या मंचांवरच्या क्रमशः मराठी कथांतही हे दोन्ही प्रकार एकाच यादीत शेजारी शेजारी दिसतात. डार्क रोमान्स जाणून-बुजून वाचणारे प्रौढ वाचक आहेत आणि त्यांच्या आवडीचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मात्र पहिला प्रकार शोधत असलेल्या वाचकाच्या हाती चुकून दुसरा पडला तर तो फसवला गेल्यासारखा होतो. माझी खूण अशी आहे: नायिकेने ‘नाही’ म्हटल्यावर नायक काय करतो, ते पहिल्या पन्नासेक पानांत पाहावे. तो थांबत असेल तर पुढचा रक्तपात कितीही असला तरी तुम्ही ओळखीच्या घरात आहात. तो थांबत नसेल आणि लेखकाला त्यात वावगे वाटत नसेल, तर पुस्तक परत करावे.

इंग्रजी पुस्तकांसाठी आणखी एक सोय आहे. ‘स्टोरीग्राफ’ या संकेतस्थळावर वाचक स्वतः प्रत्येक पुस्तकाविषयी नोंदवतात, की त्यात कोणत्या प्रकारची हिंसा आहे आणि ती उघड, मध्यम की ओझरती आहे. अनेक लेखकही हल्ली पहिल्या पानावर तशी सूचना छापतात. मराठी अनुवादांत अशी सूचना क्वचितच आढळते, म्हणून मूळ इंग्रजी नाव शोधून त्याची नोंद पाहावी. अनुवादाच्या सुरुवातीच्या पानांवर मूळ नाव दिलेले असते.

सुरुवातीला एक मुद्दा मी मागे ठेवला होता. ज्यांनी मारहाण, पाठलाग किंवा जबरदस्ती स्वतः सोसली आहे, किंवा घरात पाहिली आहे, त्यांना मी वरच्या युक्त्या पुरेशा आहेत असे सांगणार नाही. अशा काही वाचकांना या कादंबऱ्यांचा मोठा आधार वाटतो, कारण इथे अत्याचार करणारा पकडला जातो आणि तिचे म्हणणे खरे मानले जाते. काहींना त्याच पानांनी जुने सगळे पुन्हा अंगावर येते. कुणाचे काय होईल हे बाहेरून सांगता येत नाही. वाचन थांबवल्यावरही दृश्ये येत राहिली, झोप उडाली, एखाद्या आवाजाने वा वासाने दचकायला होऊ लागले, तर तो पुस्तकाचा प्रश्न उरलेला नाही आणि त्यासाठी जाणकारांशी बोलावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि बांबोळीची मनोरुग्ण व मानवी वर्तन संस्था आपल्याला जवळच आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना काय सांगायचे, तेही तुम्हाला हवे होते. वाद घालू नका. त्यांना कोणती गोष्ट आवडली ते सांगा, खून सांगू नका. मराठी कादंबरी जन्मली त्याच सुमारास, 1861 साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, आणि संकटांत सापडलेल्या नायिकेची ती अद्भुतरम्य कथा आपल्या पणज्यांच्या पिढ्यांनी आवडीने वाचली. ही आवड घराण्यात नवी नाही, एवढे त्यांना पटले तरी पुरे.

आणि पुढच्या वेळी डिचोलीच्या ग्रंथालयात किंवा पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात गेलात, तर टेबलापाशी फक्त ‘सस्पेन्स आहे का?’ असे विचारू नका. काय चालते आणि काय चालत नाही, दोन्ही सांगा: पाठलाग चालतो, खून पडद्याआड चालतो, मुलांना इजा झालेली चालत नाही, शेवट चांगला हवा. इतके नेमके सांगणारा वाचक समोर आला की ग्रंथपालाला कपाटाकडे उठून जायला आनंद वाटतो, आणि ज्या पुस्तकाविषयी शंका असेल ते तो तुमच्या हाती देण्यापूर्वी स्वतः चाळून पाहतो.